डॅशबोर्ड हिरवा, शाखा गप्प

लातूरला मुख्य कार्यालय आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर, माजलगाव, जिंतूर, किनवट अशा गावांत शाखा असलेली एक नागरी सहकारी बँक डोळ्यांसमोर आणा. बँक काल्पनिक, आकडेही समजावण्यापुरते. सुरक्षा सेटिंगवर नजर ठेवणाऱ्या कन्सोलवर १७१ मशीन दिसतात, त्यांतली १६४ हिरवी (सेटिंग ठरल्याप्रमाणे; बिघडलेली लाल). म्हणजे ९५.९ टक्के. संचालक मंडळापुढे ठेवायला झकास आकडा. आता डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे बँकेच्या वस्तूंची नोंदवही, उघडा. चालू स्थितीतले संगणक २१४. टक्का घसरून ७६.६ वर. त्या १६४ हिरव्यांपैकी १९ मशीन गेल्या दहा दिवसांत कन्सोलशी एकदाही बोललेली नाहीत. ती वजा केली की उरतात ६७.८ टक्के.

या सगळ्या हिशोबात एकाही मशीनचं एकही सेटिंग बदललेलं नाही. बदलला तो फक्त छेद, आणि माहिती किती शिळी चालवून घ्यायची याचा नियम. कंप्लायन्सच्या, म्हणजे मशीनं नियमांप्रमाणे आहेत का याच्या, अहवालात सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती कुठलंही महागडं सॉफ्टवेअर घेऊन सुटत नाही.

छेद कुठून आणायचा

मशीनची सेटिंग तपासणारं वाझू घ्या, मायक्रोसॉफ्टचं इंट्यून घ्या की ओएसक्वेरीवर काही उभारा. साधन फक्त आपल्याकडे नोंदवलेल्या मशीनबद्दल बोलतं. म्हणून पहिला आठवडा सेटिंग तपासण्यात घालवू नका, याद्या जुळवण्यात घालवा. डेडस्टॉक रजिस्टर, अँटिव्हायरसचा कन्सोल, ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजच्या जाळ्यातल्या, म्हणजे डोमेनमधल्या, मशीन आणि वापरकर्त्यांची मध्यवर्ती नोंद), डीएचसीपीने (मशीनला आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेने) वाटलेले पत्ते आणि शाखेतल्या स्विचचा मॅक तक्ता (लॅन कार्डांच्या पत्त्यांची यादी), एवढ्या पाच ठिकाणांहून याद्या काढाव्या लागतात. तालुक्याच्या शाखेत स्विच बहुधा साधा असतो, त्याला विचारता येत नाही. मग राउटरचा एआरपी तक्ता (कोणता आयपी कोणत्या मॅकचा ही यादी) घ्यायचा, तोही सकाळी साडेअकराच्या सुमाराला, गर्दी असताना. एआरपीतली नोंद थोड्या वेळाने पुसली जाते. संध्याकाळी सहाला घेतलेल्या तक्त्यात कॅशियरचं मशीन सापडेलच असं नाही.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून 'शेवटचं लॉगिन कधी' हे काढताना एक खड्डा आहे. सगळ्या डोमेन कंट्रोलरवर (डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) सारखा दिसणारा 'लास्ट-लॉगॉन-टाइमस्टॅम्प' हा रकाना मुळातच ढिला ठेवलेला आहे. आधीची नोंद साधारण ९ ते १४ दिवस जुनी झाल्याशिवाय तो नवी तारीख लिहीत नाही. तीन महिने बंद असलेलं मशीन शोधायला तो चांगला. 'या आठवड्यात कोण आलं नाही' हे त्यावरून ठरवलं तर चालती मशीनंही गैरहजर दिसतात.

याद्या जुळवायच्या कशावर? पुस्तकी उत्तर सीरियल नंबर. कंपनीच्या लॅपटॉपला ते लागू पडतं. आपल्याकडे मात्र निम्मे डेस्कटॉप गावातल्या दुकानातून जोडून घेतलेले असतात. त्यांच्या बायोसला (मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीला) सीरियल नंबर विचारला की उत्तर येतं 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' किंवा नुसतं 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. एक्सेलमध्ये सीरियलवरून डुप्लिकेट काढले की चाळीस मशीनचं एकच मशीन उरतं आणि छेद गुपचूप कमी होतो. अशा मशीनसाठी मदरबोर्डवरच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता आणि डिस्कचा सीरियल नंबर मिळून ओळख ठरवा. यूएसबीला लावलेल्या लॅन अडॅप्टरचा मॅक घेऊ नका, तो उद्या दुसऱ्या टेबलावर असेल. त्याहून पक्कं हवं असेल तर डेडस्टॉकचा क्रमांक मशीनवर स्टिकरने चिकटवा आणि तोच रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगसाठ्यातल्या) ठरलेल्या जागी लिहा. एजंटला (मशीनवर बसून कन्सोलला माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रामला) तो वाचता येतो, ऑडिटरला डोळ्यांनी दिसतो आणि लेखा विभागाशी भांडण राहत नाही.

सीरियल काढायला जुनी स्क्रिप्ट वापरत असाल तर आणखी एक बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'डब्ल्यूएमआयसी' ही जुनी कमांड मुळात बंद असते. जुनी बॅच फाइल त्या मशीनवर चालते, पण रकाना रिकामा येतो. रिकामा रकाना म्हणजे 'दोष नाही' असं मोजणारी शीट मी कमी पाहिलेल्या नाहीत. तेच काम पॉवरशेलच्या 'गेट-सिम-इन्स्टन्स'ने करा.

उलटी भानगडही होते. एका मशीनवर सगळं बसवून, देखरेखीच्या एजंटसकट त्याची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढली आणि पंधरा मशीनवर ओतली, तर पंधराही जणांचं ओळखपत्र एकच. कन्सोलवर एकच नोंद दिसते, आणि तिचं नाव नि आयपी दर काही मिनिटांनी बदलतं. आत्ता उदगीर, घटकाभराने निलंगा. असं नाचणारं मशीन दिसलं की ओळखायचं, एजंट इमेज काढण्याआधी बसवला होता. एजंटची किल्ली पुसून प्रत्येकाची नव्याने नोंदणी करावी लागते. पुढच्या वेळी सिसप्रेप (मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) आधी, एजंट शेवटी.

ज्यांवर एजंट बसतच नाही त्यांची यादी वेगळी ठेवा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बोटांचं यंत्र, राउटर, नेटवर्क प्रिंटर. पासबुक छापणारा किऑस्क मात्र या यादीत टाकू नका, त्याच्या पोटात बहुतेक वेळा विंडोजच असते.

जे बोलत नाही ते

मशीन दहा दिवस गप्प असेल तर कन्सोल त्याचा शेवटचा रंग दाखवत राहतो. इंट्यूनमध्ये ही मुदत मुळात ३० दिवसांची असते, म्हणजे महिनाभर गप्प बसूनही मशीन हिरवंच. त्याच पानावर दुसरं एक सेटिंग आहे: ज्या मशीनला एकही कंप्लायन्स पॉलिसी लावलेली नाही, त्याला काय समजायचं? मुळातलं उत्तर 'कंप्लायंट'. म्हणजे ज्याची परीक्षाच झाली नाही तो पास. ही दोन सेटिंग पहिल्या दिवशी बदला. डेस्कटॉपला कामाचे तीन दिवस आणि फिरत्या लॅपटॉपला सात दिवस ही मुदत आपल्या अहवालात धरली तर शाखांना चालते. दिवस मोजताना रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि दिवाळी वगळा, नाहीतर भाऊबीजेनंतरच्या सकाळी अख्खी बँक लाल दिसेल आणि त्या दिवसापासून लाल रंगाकडे कोणी बघणार नाही.

गप्प बसण्याची कारणं रांगेने तपासा. मशीन बंद आहे? लाइन तुटली आहे? रस्त्याच्या कामात केबल तुटली की शाखा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, आणि ते कनेक्शन विंडोजमध्ये 'मीटर्ड' म्हणून नोंदलेलं असेल तर अपडेट आपोआप उतरत नाहीत. लाइन परत आली तरी तो शिक्का त्या हॉटस्पॉटवर तसाच राहतो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एजंटची सेवा कोणी थांबवली आहे? हे सगळं ठीक असेल तर घड्याळ बघा.

घड्याळाचं दुखणं आपल्या भागात जास्त आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं. मदरबोर्डवर सीआर२०३२ ही तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. पाठीमागची वायर बोर्डात असेपर्यंत मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायचा स्टँडबाय प्रवाह घड्याळ चालवतो, बॅटरीवर भार येत नाही. शाखेत मात्र संध्याकाळी मेन स्विचच पाडतात, आणि ते योग्यच आहे, रात्री व्होल्टेज कुठे जाईल याचा नेम नाही. पण मग रोज रात्रभर आणि सुटीचे दिवस घड्याळ त्या बॅटरीवर चालतं. वर एप्रिल-मेची उष्णता. बॅटरी संपली की सकाळी मशीन बोर्ड बनला त्या सुमाराच्या तारखेला जागं होतं, समजा १ जानेवारी २०१७.

तारीख मागे गेली की सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं आणि एजंटची सुरक्षित जोडणी तुटते. डोमेनमध्ये केर्बेरॉसला (मशीनची ओळख पटवणाऱ्या पद्धतीला) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही, त्यामुळे ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लागू होणारी सेटिंग) उतरत नाही. लॉगिन मात्र साठवलेल्या पासवर्डवर होऊन जातं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. तुम्ही म्हणाल, इंटरनेटवरून वेळ जुळेलच की. डोमेनमधल्या मशीनची जुळू शकते. पण नुसत्या वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर, असलेल्या मशीनला विंडोजची वेळ-सेवा १५ तासांपेक्षा मोठी दुरुस्ती करूच देत नाही, ५४,००० सेकंद ही तिची मुळातली मर्यादा. आठ वर्षं मागे गेलेलं घड्याळ त्या मर्यादेत बसत नाही, म्हणून ते मागेच राहतं. तारीख हाताने दुरुस्त करून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅटरी बदला. चहा-भज्यांच्या बिलाइतका खर्च. शाखेला भेट द्यायला जाताना खिशात चार-पाच बॅटऱ्या ठेवलेल्या बऱ्या.

या घड्याळाला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळ-सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे, लॉग (मशीनच्या घडामोडींची नोंद) १८० दिवस भारतात जपायला सांगितलं आहे आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. २०१७ ची तारीख पडलेला लॉग जपून ठेवला काय आणि न ठेवला काय. तेव्हा सर्व्हरशी असलेला वेळेचा फरक ही एक वेगळी तपासणी करा. मर्यादा दोन मिनिटं ठेवा. पाच मिनिटांना केर्बेरॉस तुटतोच, त्याच्या आधी कळलं पाहिजे.

तपासणीची वेळही शाखेच्या दिवसाशी जुळवावी लागते. रात्री एकला लावलेलं शेड्यूल्ड टास्क मेन स्विच पाडलेल्या शाखेत कधीच चालत नाही. टास्क शेड्यूलरमध्ये 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' अशी खूण असते, ती मुळात नसते, करावी लागते. उलट 'फक्त वीज जोडलेली असतानाच चालव' ही खूण मुळातच केलेली असते. लॅपटॉपसाठी ती काढा. वाझूची सेटिंग तपासणी मुळात दर १२ तासांनी आणि एजंट सुरू होताच चालते, आपल्याला तेच सोयीचं. फक्त जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर सव्वादहाला तपासणी आणि अँटिव्हायरस दोन्ही एकदम सुटतात आणि काउंटरवर रांग लागते. तिथे एजंटची सेवा 'डिलेड स्टार्ट'वर ठेवा.

धोरण एकीकडे, मशीन एकीकडे

'पॉलिसी लावली आहे' आणि 'मशीनवर ती स्थिती आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ग्रुप पॉलिसी ९० मिनिटांनी, अधिक अर्ध्या तासापर्यंतच्या उशिराने, फेरी मारते हे सगळ्यांना माहीत असतं. पण पॉलिसीत बदल झालेला नसेल तर त्या फेरीत बहुतेक सेटिंग पुन्हा लादलीच जात नाहीत, हे कमी जणांना माहीत असतं. सुरक्षा विभागातली सेटिंग दर १६ तासांनी लादली जातात. बाकीची, कोणी हाताने बदलली तर तशीच राहतात. ती पुन्हा लादायची असतील तर 'बदल नसला तरी लागू कर' हे त्या त्या विभागासाठी वेगळं सुरू करावं लागतं.

बिटलॉकरचं, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्टवर 'मॅनेज-बीडीई'ला स्टेटस विचारा. 'परसेंटेज एन्क्रिप्टेड' शंभर टक्के. बहुतेक जण इथेच थांबतात. दोन-तीन ओळी खाली 'प्रोटेक्शन स्टेटस' असतं, आणि तिथे 'प्रोटेक्शन ऑफ' असेल तर डिस्क कुलूपबंद आहे खरी, पण किल्ली कुलपालाच लटकवलेली आहे. बायोस अपडेट करताना संरक्षण तात्पुरतं थांबवलं आणि परत सुरू केलं नाही, किंवा एन्क्रिप्शन करून घेतलं पण किल्लीचा रक्षक (किल्ली सांभाळणारी चिप किंवा पासवर्ड) जोडलाच नाही, अशा दोन वाटांनी हे होतं. म्हणून तपासणी टक्क्यावर लावू नका. ओएसक्वेरीत 'बिटलॉकर-इन्फो' तक्त्यातला 'प्रोटेक्शन-स्टेटस' रकाना १ आहे का ते बघा. आणि ४८ अंकी रिकव्हरी किल्ली डिरेक्टरीत खरंच पोचली आहे का, ही तपासणी वेगळी. किल्ली नसलेली एन्क्रिप्टेड डिस्क ज्या दिवशी बायोस रिसेट होतो त्या दिवशी कायमची गेली.

इंट्यूनची 'बिटलॉकर हवं' ही अट मशीन बूट होताना घेतलेल्या मोजमापावर चालते. एन्क्रिप्शन पूर्ण झालं तरी मशीन रीस्टार्ट होईपर्यंत ते लालच. मग शाखेला फोन जातो.

"रीस्टार्ट केलं का?"

"रोज संध्याकाळी बंद करूनच जाऊलालो की सर."

त्यांचं खरं आहे, आणि टास्क मॅनेजरच्या 'अप टाइम'मध्ये २३ दिवस दिसतात हेही खरं. विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' शट डाउन करताना गाभा बंद करत नाही, डिस्कवर झोपवून ठेवतो आणि सकाळी तोच उठवतो. 'शट डाउन' म्हणजे नवी सुरुवात नव्हे. 'रीस्टार्ट' म्हणजेच नवी सुरुवात. अपडेट अर्धवट लटकण्याचं आणि मोजमाप जुनं राहण्याचं निम्मं कारण इथे आहे. डेस्कटॉपवर फास्ट स्टार्टअप पॉलिसीनेच बंद करा आणि 'अप टाइम दहा दिवसांपेक्षा कमी' ही तपासणी यादीत घाला. शाखेला सांगताना 'बंद करा' म्हणू नका, 'पॉवरच्या चिन्हावर जाऊन रीस्टार्ट दाबा' असं सांगा.

पॅचच्या अटीतही गंमत आहे. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. दोन दुसऱ्या मंगळवारांत कधी २८ तर कधी ३५ दिवसांचं अंतर असतं. 'शेवटचा पॅच ३० दिवसांच्या आत' अशी अट लावली की काही महिन्यांत सगळी बँक कोणाचीही चूक नसताना लाल होते. ४५ दिवस ठेवा: ३५ अंतराचे, दहा मुख्य कार्यालयात चाचणी करून शाखांत पोचवायचे.

त्याहून वाईट म्हणजे खोटा हिरवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटचे पैसे न भरलेल्या मशीनवर 'किती अपडेट बाकी?' विचारलं तर उत्तर शून्य येऊ शकतं. येणारच नाहीत तर बाकी कुठून राहतील? तेव्हा 'बाकी अपडेट' मोजू नका. आवृत्ती आणि तिच्या आधाराची तारीख मोजा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जोडलेल्या डेस्कटॉपवर टीपीएम बरेचदा बायोसमध्ये बंद असतो, नुसता चालू करावा लागतो. सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त सही असलेला प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. त्यांच्या जागी २०२३ ची आली आहेत का, हा रकानाही आता हवा.

बाकी यादी लांबवू नका. सीआयएस या संस्थेच्या विंडोज बेंचमार्कमध्ये (सुरक्षित सेटिंगच्या यादीत) शेकडो सेटिंग आहेत. सगळी एकदम लावली तर पहिल्या दिवशी गुण चाळीसच्या घरात येतात आणि कोणतं आधी दुरुस्त करायचं तेच कळत नाही. वर सांगितलेल्यांत फायरवॉलची तिन्ही प्रोफाइल, अँटिव्हायरसची तीन दिवसांच्या आतली व्याख्या (व्हायरसची ओळखयादी), एसएमबी-१ (फाइल वाटून घेण्याची जुनी पद्धत) बंद, रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवण्याची सोय) बंद, स्थानिक ॲडमिन गटात कोण कोण आहे आणि दहा मिनिटांत स्क्रीन लॉक, एवढं घातलं तरी पहिलं वर्ष पुरतं. 'लागू नाही' असा निकाल किती ठिकाणी येतो तेही बघत जा. वाझू गुण काढताना तो धरत नाही, त्यामुळे तपासणीच चुकीची लिहिली असेल तर गुण वाढलेले दिसतात. तसंच विंडोज सर्व्हरवर 'सिक्युरिटी सेंटर' नसतं, म्हणून डेस्कटॉपसाठी लिहिलेली अँटिव्हायरसची तपासणी तिथे रिकामी येते. सर्व्हरसाठी ती वेगळी लिहा.

ॲडमिनचे हक्क आणि मराठी टायपिंग

स्थानिक ॲडमिन गटात कॅशियरचं नाव का असतं? विचारलं की दोन उत्तरं मिळतात: जुन्या फॉन्टचं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नाही, आणि बोटांचं यंत्र त्याशिवाय चालत नाही.

पहिलं बरेचदा खरं असतं. ही जुनी सॉफ्टवेअरं आपली सेटिंगची फाइल 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नाहीतर थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये लिहायला बघतात. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. यावर इलाज ॲडमिन करणं नाही. प्रोसेस मॉनिटर (प्रोग्राम कुठे काय वाचतो-लिहितो ते दाखवणारं साधन) सुरू करा, गाळणी लावा, निकाल 'ॲक्सेस डिनाइड' एवढाच ठेवा, आणि साध्या वापरकर्त्याच्या लॉगिनमधून सॉफ्टवेअर चालवा. दहा-वीस ओळी येतील, त्यांत एक फोल्डर आणि एखादी रजिस्ट्रीची जागा पुन्हा पुन्हा दिसेल. तेवढ्याच फोल्डरवर आणि तेवढ्याच जागेवर लिहिण्याची परवानगी द्या. विंडोजच्या फोल्डरमधली फाइल असेल तर त्या एका फाइलपुरती द्या, फोल्डरला देऊ नका. अर्ध्या तासाचं काम, पण एकदा जमलं की सगळ्या शाखांना पॉलिसीने पाठवता येतं. पुढे पत्रव्यवहार युनिकोडवर आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नेला तर हा प्रश्नच संपतो, पण त्याला लिपिकांचा सराव लागतो.

दुसरं मात्र गैरसमजातून येतं. आधारवर चालणाऱ्या बोटांच्या यंत्राची आरडी सेवा (यंत्र चालवणारा नोंदणीकृत प्रोग्राम) त्याच मशीनवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर ऐकत असते. यंत्र 'नॉट रेडी' दाखवलं की दुकानदार येतो, फायरवॉल बंद करतो, केबल काढून लावतो, यंत्र चालतं, आणि श्रेय फायरवॉलला जातं. मशीनचं स्वतःशीच चाललेलं बोलणं विंडोजची फायरवॉल सहसा अडवत नाही. दोष बहुतेक वेळा सेवा थांबलेली असण्यात, ड्रायव्हरमध्ये किंवा ब्राउझरने त्या स्थानिक पत्त्याला नकार देण्यात असतो. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन सेवा पुन्हा सुरू करा, आणि फायरवॉल बंद झालेली पहिली शाखा दिसली की त्या दिवशी तिथे कोण येऊन गेलं ते विचारा.

सगळ्या शाखांना स्थानिक ॲडमिनचा एकच पासवर्ड असेल तर एक मशीन गेलं की सगळी गेली. विंडोज लॅप्स (प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवणारी सोय) एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. मुळात १४ अक्षरांचा पासवर्ड, दर ३० दिवसांनी नवा. इथेही तपासणी 'लॅप्स सुरू आहे का' अशी नको. 'पासवर्डची मुदत उलटून गेली आहे का' अशी हवी. घड्याळ बिघडलेली आणि डोमेनशी बोलणं तुटलेली मशीनं इथे पुन्हा हाताला लागतात.

दूरवरून मशीन हातात घेणारी सॉफ्टवेअरं हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाल्याने बसवलेली असतात, आणि कायम सुरू राहणारा पासवर्ड ठेवलेला असतो. बसवलेल्या प्रोग्रामची यादी बघून भागत नाही, कारण नुसती फाइल डाउनलोड करून चालवली तरी ती चालते. चालू प्रक्रियांची यादी बघा. आणि प्रत्येक शाखेच्या राउटरचं ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं) बाहेरून, म्हणजे मोबाइलच्या डेटावरून, उघडं आहे का ते महिन्यातून एकदा तपासा. आतून ते कळत नाही.

पिग्मीचं यंत्र

पिग्मी एजंटच्या हातातल्या अँड्रॉइडबद्दल थोडंच. 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' ही तारीख बघा, आवृत्ती नाही. स्वस्तातल्या मॉडेलला काही वर्षांनी पॅच यायचे थांबतात आणि तारीख तिथेच गोठते. म्हणून खरेदी करतानाच मॉडेलच्या आधाराची शेवटची तारीख डेडस्टॉकमध्ये लिहून ठेवा. एजंटचा स्वतःचा फोन असेल तर वर्क प्रोफाइलपलीकडे (फोनमधल्या कामापुरत्या वेगळ्या कप्प्यापलीकडे) जाऊ नका. त्यांचे फोटो, त्यांचे संपर्क हा बँकेचा विषय नाही, हे त्यांना आधी सांगा, नाहीतर नोंदणीच होत नाही.

लाल दिसल्यावर

दुरुस्तीला मुदत लागते, आणि मुदत शाखेच्या पंचांगाने ठरते. आठवडी बाजाराच्या दिवशी रीस्टार्ट नको. उसाची बिलं जमा होतात त्या आठवड्यात नको, जूनमध्ये पीककर्जाच्या गर्दीत नको, ३१ मार्चला तर नकोच. हे वगळून गंभीर दोषाला कामाचे तीन दिवस, बाकीच्याला पंधरा. सवलत द्यावी लागते तेव्हा द्या: जुन्या स्कॅनरला एसएमबी-१ लागतं, तो मार्चनंतर बदलणार आहे, ठीक. पण सवलतीच्या नोंदीत शेवटची तारीख आणि मंजूर करणाऱ्याचं नाव हवंच. तारीख उलटली की ते मशीन आपोआप लाल झालं पाहिजे. सवलत दिलेलं मशीन हिरव्यात मोजू नका, त्याला वेगळा रंग द्या.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना १९ ऑक्टोबर २०१८ ला मूलभूत सायबर सुरक्षा चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला चार स्तरांची सविस्तर चौकट. ऑडिटर त्याआधारे पुरावा मागतो. डॅशबोर्डचा फोटो हा पुरावा फार कच्चा. दर सोमवारी कच्ची यादी काढून ठेवा: मशीनचा डेडस्टॉक क्रमांक, तपासणी, निकाल, आणि शेवटचं बोलणं कधी झालं ती वेळ. शेवटचा रकाना नसेल तर बाकी तिन्ही रकान्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. संचालक मंडळाला तीन आकडे पुरतात: डेडस्टॉकमध्ये किती, त्यांतली तीन दिवसांत बोललेली किती, आणि बोललेल्यांत सगळ्या तपासण्या पार केलेली किती. सुरुवातीच्या उदाहरणात बोललेली समजा १५१ असतील, तर २१४, १५१, १४५ असे ते लिहायचे. टक्का हवाच असेल तर तो २१४ वर काढा.

आणि कन्सोलची स्वतःची परीक्षा. महिन्यातून एकदा एका शाखेत एक चाचणीचं मशीन निवडा, ग्राहकाची माहिती नसलेलं. त्यावर कोणाला न सांगता काहीतरी बिघडवा: एखादा खोटा वापरकर्ता ॲडमिन गटात टाका, किंवा घड्याळ दहा मिनिटं मागे करा. वेळ वहीत लिहा. कन्सोल लाल कधी झाला ती वेळ लिहा, आणि शाखेला फोन कधी गेला ती तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळांतलं अंतर १२ तासांपेक्षा जास्त आलं तर एजंटचं वेळापत्रक बघा. दुसरी आणि तिसरी यांत दोन दिवस गेले तर कन्सोल कोण आणि किती वाजता उघडतो, ते बघा. आणि संध्याकाळी तो खोटा वापरकर्ता काढायला विसरू नका.